मेल्सफर्डची स्तुती

"थॅकबीचा बाजार थॅकबीतच राहायला हवा ना? मग मेल्सफर्डची स्तुती करा!"

लॉर्ड हार्ग्रोव्ह एवढं बोलले आणि थॅकबी नगरपालिकेच्या सभागृहात कुणाच्या तरी हातून कप निसटून बशीवर आदळला. चहा देणाऱ्या हेट्टी स्कोल्सने सांडलेला चहा पुसून काढला.

थॅकबी आणि मेल्सफर्ड ही उत्तर इंग्लंडातली दोन छोटी गावं. मध्ये एक नदी, नदीवर एक पूल. थॅकबीने घड्याळाचा मनोरा बांधला, की मेल्सफर्ड त्याहून उंच बांधायचं. मग मेल्सफर्डचं घड्याळ चुकीची वेळ दाखवतं, असा ठराव थॅकबीत एकमताने मंजूर व्हायचा. दोन्हीकडची जमीन लॉर्डसाहेबांची, त्यामुळे दोन्हीकडच्या तक्रारी त्यांच्याच डोक्यावर. म्हातारा कावला होता. त्यात थॅकबीच्या बाजाराच्या जागेचा करार संपत आलेला, आणि बाजार आपल्या काठावर हलवावा म्हणून मेल्सफर्डचे नगराध्यक्ष ऑग्डन त्यांच्या मागे लागलेले.

"नीट ऐका," लॉर्डसाहेब म्हणाले. "शनिवारी भर बाजारात थॅकबीच्या एका माणसाने सांगायचं, की अमुक एका बाबतीत मेल्सफर्ड थॅकबीहून सरस आहे. मेल्सफर्डबद्दल एकही वाईट शब्द नको. आणि ते ऐकून थॅकबीकरांनी टाळ्या वाजवायच्या! जमलं तर जागा कायमची तुमची. नाहीतर बाजार पलीकडे."

"टाळ्या?" थॅकबीचे नगराध्यक्ष क्रॅबट्री यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"मनापासून!" म्हणत लॉर्डसाहेब निघून गेले.

सभा रात्रीच्या जेवणापर्यंत चालली. मेल्सफर्डमध्ये सरस काय आहे? एकाने भीतभीत पावसाचं नाव घेतलं. त्यावर बरीच चर्चा झाली. पाऊस दोन्हीकडे सारखाच, पण तो आधी थॅकबीत पडतो आणि उरलेला मेल्सफर्डला जातो, असं ठरलं. दुसऱ्याने पूल सुचवला. पुलाचा आपल्याकडचा भाग जास्त मजबूत असल्याचं सर्वांना मान्य होतं. त्यात गावात बातमी पसरली आणि लोकांनी बजावलं, "जो मेल्सफर्डचं कौतुक करेल, त्याच्या दुकानाची पायरी आम्ही चढणार नाही!"

हेट्टी घरी आली तेव्हा आई चीजच्या चकत्या कापडात गुंडाळत होती. बाजारात उघड्यावर तिचं चीजचं दुकान होतं, आणि तेवढ्यावरच मायलेकींचं भागायचं.

"पलीकडे बाजार गेला तर?" हेट्टीने विचारलं.

"तर हे सगळं आपणच खायचं," आई म्हणाली. तिने मान वर केली नाही. हेट्टी तिच्या शेजारी बसून चकत्या गुंडाळू लागली. बाप गेल्यावर ह्याच बाईने थंडीवाऱ्यात उभं राहून तिला वाढवलं होतं.

शनिवारी बाजार गच्च भरला. मेल्सफर्डचे लोक मुद्दाम पूल ओलांडून मजा बघायला आले होते. ऑग्डनसाहेब तर गळ्यात नगराध्यक्षपदाची साखळी घालूनच हजर होते.

क्रॅबट्री एका रिकाम्या पेटीवर चढले. घसा खाकरून म्हणाले, "मेल्सफर्डच्या चर्चचा मनोरा आमच्या चर्चच्या मनोऱ्याहून उंच आहे."

क्रॅबट्रींच्या स्वतःच्या बायकोने तोंड फिरवलं.

"कारण," क्रॅबट्री घाईघाईने म्हणाले, "त्यांची प्रार्थना देवापर्यंत सहजासहजी पोचत नाही!"

थॅकबीकरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"वाईट शब्द!" लॉर्डसाहेब गरजले. "खाली उतरा! आणखी कोणी आहे का? नसेल तर बाजार…"

"मी आहे, साहेब!"

चीजच्या दुकानामागून हेट्टी पुढे आली. आईने घट्ट धरलेला आपला एप्रन सोडवत ती पेटीवर चढली.

"लॉर्डसाहेब, एका बाबतीत मेल्सफर्ड खरंच आमच्याहून सरस आहे. आम्ही कितीही डोकं आपटलं तरी त्यात त्यांची बरोबरी करू शकणार नाही!"

थॅकबीकरांच्या भुवया चढल्या. कुणीतरी ओरडलं, "पोरी, जपून!"

"कोणत्या बाबतीत?" लॉर्डसाहेबांनी विचारलं.

"शेजाराच्या, साहेब. मेल्सफर्डचे शेजारी आमच्या शेजाऱ्यांपेक्षा फार चांगले आहेत!"

मेल्सफर्डकरांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. ऑग्डनसाहेबांनी तर समाधानाने मानही डोलावली. मग त्यांच्यातल्या एकाने बोटांवर हिशेब केला, की मेल्सफर्डचे शेजारी म्हणजे नेमके कोण, आणि त्यांच्या टाळ्या मध्येच थांबल्या. तोवर थॅकबीच्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. टोप्या उडाल्या, कोंबड्या फडफडल्या, खाटकाने हातातला सुरा ठेवून दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या.

"फसवणूक!" ऑग्डनसाहेब लालबुंद झाले. "तिने आम्हाला वाईट म्हटलं!"

"मी?" हेट्टी नम्रपणे म्हणाली. "मी तर तुम्हाला नशीबवान म्हटलं, साहेब. वाईट शब्द कोणता ते सांगा, मी परत घेते."

ऑग्डनसाहेब गळ्यातली साखळी सावरत मागे सरले.

लॉर्डसाहेब हसू लागले. काठी जमिनीवर आपटत, डोळे पुसत इतके हसले, की नोकराने त्यांना खुर्ची आणून दिली.

"बाजार थॅकबीचा! कायमचा!" ते कसेबसे म्हणाले. "आणि तुला काय हवं, पोरी?"

"आईच्या दुकानावर छप्पर, साहेब."

"दगडी भिंतींसकट देतो! पण एक सांग, हीच स्तुती पुढच्या शनिवारी मेल्सफर्डला जाऊन थॅकबीची करशील? थॅकबीचे शेजारी फार चांगले, असं म्हणशील?"

हेट्टीने गुडघे किंचित वाकवून अदबीने नमस्कार केला.

"म्हणेन की, साहेब! फक्त तिथे खरं बोलायची अट घालू नका!"