तनाबेसानसाठी 'ह'चं गाणं

एका गावात एक भोळा माणूस राहायचा. पुढे गावाची एमआयडीसी झाली, ज्वारीच्या शेतात पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, पण माणूस होता तसाच राहिला. त्याचं नाव झुंबर.

झुंबर खांबेटे साहेबांच्या वायसरच्या कारखान्यात कामाला होता. वायसर म्हणजे नटाखाली ती गोल चकती असते ना, ती. झुंबर तिथे सात वर्षं टेंपररी होता. सात वर्षं! त्याच्यानंतर आलेलं मांजरसुद्धा स्टोअररूममध्ये कायम झालं होतं.

एक दिवस साहेबांनी त्याला बोलावलं.

"झुंबर, जपानहून तनाबेसान येतायत. दोन दिवस. त्यांनी करारावर शिक्का मारला की आपला वायसर जपानी गाड्यांत बसणार. आणि त्याच दिवशी तू कायम!"

"मी काय करायचं साहेब?"

"पाहुणे जिथे जातील तिथे जपानी गाणं लावायचं. मी सांगेन तसं. स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"बरं साहेब," झुंबर म्हणाला. एवढं तर त्याला सहज जमणार होतं.

ऑफिसात केतकी नावाची मुलगी होती. जपानी शिकलेली, दुभाष्याचं काम करायची. तिने इंटरनेटवर जपानी गाण्यांची एक यादी शोधली. पहिल्या अक्षराप्रमाणे लावलेली. आपण भेंड्यांसाठी पाठ करतो ना, तशीच. 'अ'ची गाणी, 'क'ची गाणी, 'त'ची गाणी. सगळी गाणी झुंबरच्या मोबाइलमध्ये भरली, मोबाइल स्पीकरला जोडला.

केतकी म्हणाली, "सर, अर्थ बघून निवडू या का?"

साहेब हसले. "अर्थाचं काय घेऊन बसलीस? बाळाचं नाव ठेवताना आपण काय बघतो? अक्षर! तनाबेंचं अक्षर 'त'. 'त'चं पहिलं गाणं लावा. विषय संपला."

तनाबेसान सकाळी आले. गळ्यात झेंडूचा हार. समोर साहेबांचं भाषण. मागे 'त'चं पहिलं गाणं.

ते निघालं अंगाईगीत.

तनाबेसान रात्रभर विमानात जागे होते. साहेब 'आमची गुणवत्ता' या मुद्द्यावर येईपर्यंत पाहुण्यांची हनुवटी हारात रुतली होती. मग घोरणं सुरू झालं. पण काय शिस्त! प्रत्येक घोरण्यात सारखं अंतर.

साहेबांनी झुंबरला खांबामागे ओढलं. "अरे, डोळे आहेत का बटणं? माणसाचे डोळे मिटलेले दिसले की खणखणीत उठवणारं गाणं लावायचं!"

"बरं साहेब," झुंबर म्हणाला, आणि ते डोक्यात पक्कं बसवलं.

मग तो केतकीकडे गेला. "ताई, जपानी माणसाला उठवणारं गाणं कुठलं?"

"'र'चं पहिलं. व्यायामाचं आहे. शाळेत, कारखान्यात, सगळीकडे सकाळी तेच. आणि झुंबरभाऊ, 'ह'चं पहिलं तेवढं चुकूनही लावू नका हं. तिकडे दुकान बंद व्हायची वेळ झाली की ते लावतात. ऐकलं की लोक हातातलं खाली ठेवतात आणि निघतात."

"दुकानात ना?"

"हो, दुकानात."

"आपला कारखाना आहे," झुंबर म्हणाला.

केतकीला वाटलं, कळलं याला.

दुपारी नव्या मशीनची पूजा होती. भटजींनी डोळे मिटले. साहेबांनी मिटले. तनाबेसाननीही, आपण पाहुणे, म्हणून मिटले. मग चाळीस कामगारांनी मिटले.

झुंबरने बघितलं. सकाळी एकाचेच मिटले होते. आता अख्खा कारखाना! त्याने 'र'चं पहिलं लावलं आणि आवाज शेवटपर्यंत पिळला.

टण टण टण टण!

तनाबेसानचे डोळे उघडले. पाय फाकले. हात वर गेले. लहानपणापासूनची सवय, अंग काय ऐकतंय! हात वर, हात खाली, कमरेत डावीकडे, कमरेत उजवीकडे.

"जपानात पूजा अशी करतात वाटतं," एक कामगार म्हणाला.

"मग बघतोस काय? कर की!"

चाळीस जण सुरू झाले. पाहुण्यांचा मान म्हणून साहेब सुरू झाले. साहेब करतायत म्हणून भटजी सुरू झाले. भटजींच्या हातात आरतीचं ताट होतं. तिसऱ्या वाकण्याला ते उडालं. साहेबांचा पांढरा सफारी कुंकवाने लाल झाला.

"अरे देवा!" साहेब ओरडले. "हात हलायला लागलेले दिसत नाहीत? हात हलले की गाणं बंद करायचं! त्याच क्षणी!"

"बरं साहेब," झुंबर म्हणाला, आणि तेही पक्कं बसवलं.

संध्याकाळी हिरवळीवर चहापान होतं. बटाटेवडा तनाबेसानना इतका आवडला की त्यांनी स्वतःहून माइक मागितला. "'अ'मधलं पाचवं लावाल का?" त्यांनी यादीवर बोट ठेवून केतकीमार्फत विचारलं. "माझी आई म्हणायची ते."

आवाज काय गोड होता माणसाचा! शब्द कुणालाच कळत नव्हते, पण दुसऱ्या कडव्याला कॅन्टीनच्या शेवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तनाबेसानच्या गालावर पाणी. लोकांनी हात वर केले आणि हळूहळू डोलवायला लागले.

हात हलले.

खट्.

तनाबेसान तोंड उघडं ठेवून उभे राहिले. आईचं घर दिसायला लागावं आणि कुणीतरी फाटकन दार लावून घ्यावं, तसा चेहरा झाला त्यांचा.

शेवंताबाई म्हणाल्या, "मुडद्या, माझं रडू अर्धंच राहिलं की रे!"

साहेबांचा घसा आता ओरडून ओरडून बसला होता. "झुंबर, नीट ऐक. एकदा लावलेलं गाणं संपेपर्यंत बंद करायचं नाही. आभाळ कोसळलं तरी नाही!"

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी करार. साहेबांनी भटजींना फोन करून मुहूर्त काढला. अकरा वाजून बावीस मिनिटं. शुभ अक्षर 'ह'.

केतकी पाहुण्यांना आणायला हॉटेलवर गेली होती. साहेबांनी झुंबरला समोर उभं केलं. "'ह'चं पहिलं गाणं. बरोब्बर अकरा बावीसला. आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा वाजलं पाहिजे. तसं आत्ताच लावून ठेव."

"साहेब, केतकीताई म्हणत होत्या, ते दुकानात लावायचं नाही."

"आपलं दुकान आहे का?"

"नाही साहेब."

"मग?"

"मग काही नाही साहेब."

अकरा वीस. तनाबेसान येऊन टेबलाशी बसले. खिशातून छोटी डबी काढली. डबीतून शिक्का काढला. अकरा एकवीस. शिक्का लाल शाईत दाबला, वर फुंकर मारली आणि कागदावर नेला. शिक्का आणि कागद यांच्यात एक बोट अंतर उरलं.

अकरा बावीस. गाणं लागलं.

तनाबेसानचा हात थांबला. त्यांनी घड्याळ बघितलं. शिक्का पुसून डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली. उठले. खुर्ची नीट आत सरकवली. कमरेत वाकून नमस्कार केला आणि निघाले.

"बंद कर!" साहेब ओरडले.

झुंबरने खिडकीतून वर बघितलं. "आभाळ कोसळलं तरी बंद करायचं नाही म्हणालात. अजून तर कोसळलंही नाही."

केतकी धावली. फाटकापाशी तिने तनाबेसानना गाठलं, हात जोडले, सगळं समजावलं. तनाबेसान आधी गोंधळले. मग पोट धरून हसले. "चूक होते," म्हणाले आणि परत फिरले!

साहेबांच्या जिवात जीव आला. पाहुणे दारात यायच्या आत ते झुंबरच्या कानाशी गेले. "आता त्या स्पीकरला हात लावायचा नाही. मोबाइलला हात लावायचा नाही. कशालाच हात लावलास, तर कायम सोड, टेंपररीसुद्धा राहणार नाहीस!"

"बरं साहेब." झुंबरने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

तनाबेसान बसले. गाण्याचे शेवटचे सूर विरत विरत थांबले. खोलीत शांतता झाली. डबी उघडली. शिक्का शाईत बुडाला. फुंकर. कागद. एक बोट अंतर. अर्धं बोट.

आणि तेच गाणं पुन्हा लागलं.

"झुंबर! बंद कर!"

"हात लावायचा नाही म्हणालात!" झुंबर म्हणाला, आणि हात पाठीमागे अजून घट्ट धरले.

तनाबेसान उठले. खुर्ची आत सरकवली. या वेळी तीनदा वाकले आणि केतकीशी हळू आवाजात काहीतरी बोलले.

"काय म्हणाले? काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"म्हणाले, एकदा वाजलं तेव्हा चूक समजलो. दोनदा वाजलं, आता निरोप समजलो. इतक्या सभ्यपणे नकार अजून कुठल्या देशात मिळाला नव्हता. फार आभारी आहे."

गाडी फाटकाबाहेर गेली. धूळ बसली. साहेब खुर्चीत कोसळले, दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि डोळे मिटून घेतले.

झुंबरने साहेबांकडे बघितलं. मग स्पीकरकडे. मग पाठीमागे बांधलेल्या आपल्या हातांकडे मान वळवून बघितलं.

"केतकीताई," तो हळूच म्हणाला, "मला हात लावायचा नाहीये. 'र'चं पहिलं तेवढं तुम्ही लावता का? साहेबांचे डोळे मिटलेत."