कोकिळेने बांधले घरटे

नदीकाठच्या एका जंगलात एक कोकिळा राहत असे. राहत असे ते आपले म्हणण्यापुरतेच, कारण तिला स्वतःचे घर नव्हते. आज चिंचेच्या फांदीवर, तर उद्या उंबराच्या शेंड्यावर, असा तिचा मुक्काम असे. बालमित्रांनो, कोकिळांच्या घराण्यात घरटे बांधण्याची रीत नाही, हे तुम्हांला ठाऊकच असेल. कावळीण चारा शोधायला गेली, की तिच्या घरट्यात हळूच अंडे ठेवायचे आणि पसार व्हायचे, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता.

ही कोकिळाही अशीच एका कावळिणीच्या घरट्यात वाढली होती. तिथे तिला ऊब मिळाली, वेळच्या वेळी घास मिळाला. पण पुढे तिच्या अंगावर पांढरे ठिपके उमटू लागले, चोच उघडली की भलताच आवाज निघू लागला, तेव्हा कावळिणीच्या सारे ध्यानात आले. तिने चोची मारमारून तिला घरट्याबाहेर काढले. "चल नीघ! हे तुझं घर नाही!" कोकिळेला अजून धड उडताही येत नव्हते. ती धडपडत खालच्या करवंदीच्या जाळीत पडली आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिली. रागवावे तरी कुणावर, हेच तिला कळेना. कावळिणीचे तरी काय चुकले होते?

दिवस गेले. कोकिळा मोठी झाली. काळ्याभोर, तुकतुकीत अंगाच्या एका कोकिळाशी तिची जोडी जमली. आंब्यांना कैऱ्या धरल्या आणि तिची अंडी घालायची वेळ जवळ आली. तेव्हा ती एका थोरल्या कोकिळेकडे गेली. तिला सगळ्याजणी मावशी म्हणत.

"मावशी, माझी वेळ जवळ आली," ती म्हणाली.

"मग काळजी कसली?" मावशी उंबर चघळत म्हणाली. "त्या पिंपळावर कावळिणीचं घरटं होतच आलंय. ती उठली की जायचं, अंडं ठेवायचं आणि निघायचं."

"आणि पुढे तिनं माझ्या पिल्लाला टोचून हाकललं तर?"

"हाकलतातच गं. तोवर पंख फुटलेले असतात. तुलाही हाकललंच ना? जगलीस की नाही?"

"जगले मावशी. पण माझ्या पिल्लाच्या नशिबी मला तसं जगणं द्यायचं नाही. मी घरटं बांधणार आहे."

मावशीच्या चोचीतले उंबर खाली पडले. "घरटं? अगं, आपल्या घराण्यात आजवर कुणी काडी उचललेली नाही! आपली चोच फळं खाण्यासाठी असते."

"कुणी उचलली नाही म्हणून उचलताच येत नाही, असं थोडंच आहे?" एवढे बोलून कोकिळा उडाली.

तिने आपला बेत कोकिळाला सांगितला. त्याने मान वाकडी करून विचारले, "आपण घरटं बांधायचं? ते कसं बांधतात?"

"मला नाही ठाऊक."

"मग गं?"

"बांधायला लागलं की कळेल."

कोकिळाला वाटले, ही थट्टा करते आहे. तो खुशाल गाऊ लागला.

कोकिळा मात्र त्याच दिवशी कामाला लागली. नदीवर झुकलेल्या एका पळसाच्या फांदीचे टोक तिला फार आवडले. तिथून पाणी दिसे, पलीकडचे डोंगर दिसत. जागा देखणी होती, पण ती टिकाऊ आहे का हे आधी पाहायचे असते, याची तिला कल्पनाच नव्हती. दिसेल ती काडी, हिरवी असो की वाळलेली, तिने आणून फांदीवर ठेवली. दुपारी साधी झुळूक आली, फांदी डोलली आणि सगळ्या काड्या भराभर पाण्यात पडल्या.

काठावर साळुंक्यांचा थवा बसला होता. त्यांना तर पर्वणीच मिळाली. "अगं बघा, बघा! कोकिळाबाईंचा बंगला वाहत चालला!" त्या ओरडल्या आणि पंख फडफडवून हसल्या.

कोकिळेला फार लाज वाटली. पण रडत बसायला वेळ नव्हता. तिने मनाशी म्हटले, 'ज्यांना येतं त्यांना विचारावं.' आणि ती होल्याकडे गेली.

होला घुमत म्हणाला, "फार विचार करू नये. चार काड्या आडव्या, चार उभ्या. झालं घर!" कोकिळेने तसे केले. पण होल्याचे अंग हलके, कोकिळेचे भारी. ती आत बसली ती तळासकट खाली आली.

मग ती शिंपी पक्ष्याकडे गेली. तो म्हणाला, "पान घ्यायचं, कडेला भोक पाडायचं आणि धागा ओवायचा. घर शिवावं लागतं, बाई!" कोकिळेने पानाला चोच लावली, तर भोक पडायच्या ऐवजी पानच टर्रकन फाटले. सुगरणीने तिला गवताच्या पातीला पीळ कसा द्यायचा, गाठ कशी मारायची, हे मोठ्या मायेने दाखवले. कोकिळेने मन लावून गाठ मारली. पण गाठीत गवताबरोबर तिचा स्वतःचा पायही अडकला आणि कोकिळाला येऊन तो सोडवावा लागला. साळुंक्या हसून हसून फांदीवरून पडायच्या बाकी राहिल्या.

त्या दिवशी कोकिळा नदीकाठच्या खडकावर एकटीच बसून राहिली. तिची चोच दुखत होती, पाय सोलवटला होता. तिने विचार केला, 'सगळ्यांनी सांगितलं ते खरंच होतं. पण ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या चोचीचं आहे. माझ्या चोचीला जमेल असं घर कोणतं?' आणि एकाएकी तिला आठवले, कावळिणीचे घरटे! त्यात तर ती लहानाची मोठी झाली होती. त्याची खोलगट वाटी, तळाशी अंथरलेली मऊ मुळे, कुशीला टोचणारी ती एक काडी, सारे तिला पाठ होते. घर आतून कसे असते ते तिला माहीत होते. ते बाहेरून उभे कसे राहते, एवढेच शिकायचे होते.

ती पिंपळासमोरच्या झाडावर जाऊन बसली. कावळीण आपल्या घरट्याची शेवटची डागडुजी करत होती. कोकिळेने नीट पाहिले. जिथे तीन फांद्या एकत्र येतात अशा बेचक्यात ते घरटे बसवलेले होते. जाड काटक्या तळाशी, बारीक वर. आणि कावळीण प्रत्येक काटकी खोचून झाली की चोचीने ओढून बघे. हलली तर उपसून काढी आणि पुन्हा खोची.

इतक्यात कावळिणीचे लक्ष गेले. ती संतापून म्हणाली, "माझ्या घरट्यावर डोळा ठेवून बसलीस काय गं?"

"कावळीणबाई, मला अंडं नाही ठेवायचं. घरटं कसं बांधतात ते शिकायचंय."

"कोकिळा म्हणे घरटं बांधणार! या थापा दुसऱ्या कुणाला मार! माझ्या आईला फसवलंत, माझ्या बहिणीला फसवलंत. मला नाही फसवू देणार!" असे म्हणून कावळीण तिच्या अंगावर धावून आली. कोकिळा उडाली खरी, पण जे पाहायचे ते तिने पाहिले होते.

या वेळी तिने जागेसाठी घाई केली नाही. जंगलभर हिंडून तिने ऐनाच्या झाडावरचे एक घट्ट बेचके शोधले. तिथून ना नदी दिसत होती ना डोंगर. पण फांद्या मांडीसारख्या जाड होत्या. हिरवी काडी वाळली की आकसते आणि जागा सोडते, हे आता तिच्या ध्यानात आले होते. म्हणून ती वाळलेल्या काटक्याच वेचू लागली. काटकी आणायची, खोचायची, ओढून बघायची. हलली की काढायची. कधी काटकी लांब निघे, कधी आखूड. कधी एक बसवताना आधी बसवलेल्या दोन सुटत. ती खाली उतरून त्याच काटक्या पुन्हा उचलून आणी.

कोकीळ समोरच्या फांदीवरून हे सारे पाहत होता. एके सकाळी त्याचे गाणे मध्येच थांबले. तो जमिनीवर उतरला आणि चोचीत एक काटकी घेऊन वर आला. "ही चालेल का?" त्याने विचारले.

"अहो, ही हिरवी आहे," कोकिळा म्हणाली. पण तिचे डोळे आनंदाने चमकले. "शेजारची ती वाळकी आणा."

बाकीच्या कोकिळांनी त्याची टर उडवली. "गाणं सोडून काड्या वाहतोस? शोभतं का तुला?"

"काडी ठेवून झाली की चोच मोकळीच असते," तो म्हणाला. "तेव्हा गाईन की!" आणि तो तसाच करू लागला. एक काटकी आणावी, एक तान घ्यावी.

घरटे आकाराला येऊ लागले. ते एका बाजूला कलते होते, कडाही कुठे उंच कुठे सखल होती. पण ते बेचक्यात घट्ट बसले होते. आता फक्त आतले मऊ अंथरूण राहिले होते. आणि नेमकी तेव्हाच कोकिळेची वेळ भरली.

मावशी धापा टाकत आली. "अगं, ऊठ! कावळीण आत्ताच पाण्यावर गेली. घरट्यावर कुणी नाही. आत सगळं मऊ मऊ अंथरलेलं आहे. तुझं हे वाकडंतिकडं, अर्धवट! इथं अंडं ठेवलंस आणि घरटं कोसळलं तर? हट्टापायी लेकराचा जीव घालवशील!"

कोकिळेचे काळीज चरकले. मावशीचे बोलणे खोटे नव्हते. ती उडाली आणि पिंपळावर जाऊन बसली. समोर राखण नसलेले घरटे होते, नीटनेटके, ऊबदार. एक क्षणाचे काम. मावशी खालून खुणा करत होती. कोकिळेने त्या घरट्यात डोकावून पाहिले. आत कावळिणीची अंडी होती. कोकिळांची रीत अशी, की आपले अंडे ठेवताना तिचे एखादे खाली ढकलायचे. कोकिळेने मान फिरवली आणि ती थेट ऐनाच्या झाडाकडे उडाली. स्वतःच्या अपुऱ्या, कलत्या घरट्यात बसून तिने आपले पहिले अंडे घातले.

कोकीळ लगबगीने सावरीचा कापूस घेऊन आला. तिच्या पंखांखाली तो हलक्या चोचीने कापूस सारू लागला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आभाळ पिवळट झाले आणि सोसाट्याचा वारा सुटला. धूळ उडाली, पाने उडाली, वाळकी झाडे कडाकडा मोडू लागली. पळसाची ती देखणी फांदी तुटून नदीत पडली. ऐन घुसळल्यासारखा हलत होता. कोकिळा अंड्यावर पंख पसरून घट्ट बसली. कडेची एक काटकी उडाली, मग दुसरी. कोकिळाने तिसरी काटकी वरच्यावर चोचीत पकडली आणि डोळे मिटून तशीच धरून ठेवली. घरटे करकरत होते. कोकिळेला तळाची प्रत्येक जाड काटकी आपल्या पोटाखाली जाणवत होती. तिने खोचलेली, ओढून पाहिलेली, काढून पुन्हा खोचलेली. त्यांतली एकही जागची हलली नाही.

वारा थांबला. जंगलात सामसूम झाली. साळुंक्या एकेक करून ढोलीतून बाहेर आल्या. ऐनाखाली पानांचा आणि मोडक्या फांद्यांचा खच पाहून त्या जवळ सरकल्या. त्यांच्यातली एक भीत भीत म्हणाली, "कोकिळाबाई... आहात का हो?"

वरून आवाज आला, "आहे की! घरीच आहे!"

त्या आवाजात असा काही ताठा होता, की साळुंक्यांना हसू आले. पण या वेळी ते चेष्टेचे नव्हते. सगळ्यांनी मिळून असा काही किलबिलाट केला, की होला आला, शिंपी आला, सुगरण आली. सुगरणीने घरट्याभोवती एक फेरी मारली आणि ती म्हणाली, "बाई गं, विणकाम म्हणून शून्य! पण घर म्हणून पक्कं."

थोड्या वेळाने कावळीणही आली. ती घरट्याच्या कडेवर बसली. तिने तळाची एक काटकी चोचीत धरली आणि जोर लावून ओढली. काटकी आली नाही. तिने दुसरी ओढली. तीही आली नाही.

"अंडं कुणाचं?" तिने विचारले.

"माझं," कोकिळा म्हणाली.

कावळिणीने घरट्याची कललेली बाजू चोचीने चाचपली. मग म्हणाली, "एका बाजूनं कललंय. त्या अंगाला आणखी दोन जाड काटक्या घाल. आणि आता मी निवांत चाऱ्याला जाते. या जंगलात निदान एका कोकिळेची मला भीती नाही."

काही दिवसांनी अंडे फुटले. उघडेवाघडे, डोळे मिटलेले पिल्लू चोच वासून ओरडू लागले. कोकीळ आनंदाने इतका मोठ्याने गायला, की पलीकडच्या काठावरची माकडेही झाडावरून डोकावू लागली.

हे सारे ऐकून मावशी आली. पण ती घरट्याजवळ येईना. समोरच्या फांदीवर अंग चोरून बसली.

"या ना मावशी," कोकिळा म्हणाली.

मावशी हळूच कडेवर उतरली. तिने वाकून पिल्लाकडे पाहिले. "इतके उन्हाळे पाहिले गं मी," ती म्हणाली, "कितीतरी अंडी घातली. पण आपलं पिल्लू इतक्या जवळून कधी पाहिलंच नाही."

पिल्लाने तिच्या दिशेने चोच उघडली. मावशी गोंधळली. "हे काय करतंय? याला काय हवंय?"

"भूक लागलीय त्याला. भरवा ना."

मावशी भुर्रकन उडाली, जंगलातले सगळ्यांत पिकलेले उंबर शोधून घेऊन आली आणि अलगद तिने ते पिल्लाला भरवले.

तात्पर्य : आपल्या घराण्यात एखादे काम कुणी केले नाही, म्हणून ते आपल्याला जमणार नाही असे समजू नये. चुकेल तिथे सुधारत जो हाती घेतलेले काम तडीला नेतो, तो स्वतःबरोबर इतरांसाठीही नवी वाट घडवतो.