शनिवारचा धर्मओळखीचा तास

आमच्या गावात देऊळ, मशीद आणि चर्च एकाच रस्त्यावर आहेत. मतं मागायला तो रस्ता पायी फिरणारे नगराध्यक्ष दौलतराव खराडे शाळेच्या पालकसभेत म्हणाले, "हेमांगीबाई, तो शनिवारचा धर्मओळखीचा तास आजपासून बंद! दुसऱ्यांचे धर्म शिकून पोरांना काय करायचंय? मी कुठे शिकलो? तरी प्रत्येकाच्या सणाला पहिला फलक माझाच लागतो!"

टाळ्या पडल्या.

बाईंनी शांतपणे विचारलं, "दौलतराव, कुणाच्या दहाव्याला गेलात तर काय बोलता?"

"बोलायचं काय? हात जोडतो आणि गप्प बसतो."

"मग परवा चर्चसमोर 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' असा फलक कसा लावलात? येशूला त्या दिवशी क्रुसावर चढवलं, म्हणून ही माणसं शोक करतात. तुम्ही दहाव्याच्या मांडवात पेढे वाटलेत!"

"अहो, नावातच गुड आहे ना..." दौलतराव पुटपुटले.

मागच्या बाकावरून पास्कल लोबो म्हणाले, "जाऊ द्या बाई. साहेबांनी प्रेमानंच लावला होता. आम्हीही कुठं सांगायला गेलो?"

सभा हसली. दौलतराव खाली बसले आणि जरा वेळानं हळूच म्हणाले, "बाई, तो तास किती वाजता असतो?"

"साडेआठला. उशीर केलात तर वर्गाबाहेर उभं करीन."