पानमळ्यातला चुरुचुरु आवाज

एकदा काय झालं, एका लहानग्या पोरानं मातीला कान लावला, आणि त्याला आत आवाज ऐकू आला. चुरुचुरु, चुरुचुरु. कुणी लांब बसून अगदी हळू चिवडा खावा, तसा. पोराचं नाव गेनबा. त्यानं आईला विचारलं, आत कोण आहे? आई म्हणाली, आपला मळा ज्यांच्या जिवावर आहे ना, ते आहेत. मग गेनबा मोठा झाला, कामाला लागला, आणि तो आवाज विसरून गेला. मोठी माणसं विसरतात, बरं का.

गेनबाचा पानमळा होता. खायची पानं असतात ना, विड्याची, त्यांचा मळा. उंच शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले. आत गार सावली. त्या मळ्याची एक रीत होती, आत जायचं तर वहाणा बाहेर काढायच्या. राजा असो की रंक. राजवाड्यात रोज सकाळी गेनबाची शंभर पानं जायची आणि राणीचा विडा त्याच पानांचा व्हायचा.

एकदा निरोप आला, राणी मळा बघायला येणार. गेनबाला काय करू नि काय नको असं झालं. त्यानं खराटा घेतला. वेलांखालचा सगळा पाला झाडला आणि ओढ्याच्या काठी नेऊन टाकला. मग जमीन चोपली. मग शेणानं सारवली, घरच्या ओसरीसारखी. त्याची बायको हौसा कमरेवर हात ठेवून बघत होती. ती म्हणाली, "अहो, राणीला वेलाखाली जेवायला बसवणार आहात का?"

राणी आली. वहाणा काढून आत गेली. म्हणाली, असा लख्ख मळा मी पाहिला नाही. झालं. तेव्हापासून गेनबा दर सोमवारी मळा झाडायचा आणि सारवायचा. त्याला वाटायचं, एवढा मान मिळाला, तो राखला पाहिजे.

आणि मग वेल रुसले. पान आखूड झालं, मग जाड झालं, मग पिवळं पडलं. गेनबानं पाणी वाढवलं, तर ते सारवलेल्या जमिनीवरून वाहून गेलं. राणीचा विडा कडू लागला. राजवाड्यातून कारभारी आला आणि त्यानं मळ्याच्या तोंडाशी एक तांबडी खुंटी ठोकली. म्हणाला, तीन महिन्यांनी राणीसाहेब येतील. पान हिरवं नसलं तर मळा दुसऱ्याला जाईल.

गेनबा वेलाखाली आडवा झाला. त्याचा बाप त्याच मळ्यात राबला होता, आजाही. कान मातीला लागला, तसा तो दचकला. आत काहीच आवाज नव्हता. मग त्याला लहानपणचं आठवलं. चुरुचुरु. त्यानं जमीन उकरून बघितली. पाला कुरतडणारं एकही गांडूळ नाही.

मग तो शोधत निघाला. शोधत शोधत ओढ्याच्या काठी आला. तिथं त्यानंच टाकलेल्या पाल्याचा ढीग होता. वरचा पाला त्यानं बाजूला केला, आणि बघतो तर काय. शेकडो गांडुळं, एकमेकांत गुंतून मोठा गोळा करून बसलेली. थंडीत पोरं एका गोधडीत शिरतात ना, तशी.

गेनबानं त्यातलं सगळ्यात धष्टपुष्ट गांडूळ उचललं आणि मळ्यात नेऊन सोडलं. दुसऱ्या सकाळी ते परत ढिगात.

मग त्यानं ओंजळभर नेली. माणूस सरळ, त्यानं न्यायानं वाटणी केली. प्रत्येक वेलाला एक. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. दुसऱ्या सकाळी तीही परत ढिगात. हौसा म्हणाली, "प्रत्येकाला वेगळं घर दिलंत, पण शेजार कुठं दिलात?"

तिसऱ्या खेपेला गेनबा रिकाम्या हातानं गेला. ढिगाशी बसला. हात ओढ्यात भिजवला आणि पाल्यावर नुसता ठेवला. म्हणाला, "माझं चुकलं. तुम्ही माझा मळा पोसलात आणि मी तुमचं छप्पर झाडून टाकलं. न्यायला आलो नाही मी. माफी मागायला आलोय."

मग एक म्हातारं गांडूळ त्याच्या बोटाला येऊन टेकलं. अगदी बारीक आवाजात बोललं, "आम्हाला डोळे नाहीत, बाबा. अंगाला अंग लागलं की वाट कळते. एकट्याला कुठली वाट?"

गेनबाला सगळं उमगलं. त्यानं आणि हौसानं मळ्यातलं सारवण फोडलं. ढिगाच्या वरचा पाला पाटी-पाटीनं आणून वेलांखाली अंथरला. मग ढिगापासून मळ्यापर्यंत ओल्या पाल्याची एक वाट केली. आभाळ भरून आलं होतं, ऊन नव्हतं. म्हातारं गांडूळ निघालं. त्याला टेकून दुसरं. दुसऱ्याला टेकून तिसरं. कुणी थांबलं की मागचं त्याला हळूच ढोसायचं. अशी सगळी शेकडो, अंगाला अंग लावून, मळ्यात शिरली. गेनबा हात जोडून बाजूला उभा राहिला, वरात जाताना उभं राहतात तसा.

मग माती भुसभुशीत झाली. पाणी मुरलं. वेलांना नवे कोंब फुटले, आणि पान असं हिरवं झालं, की विचारू नका.

तीन महिन्यांनी राणी आली. बघते तर मळ्यात सगळीकडे पाला. कारभाऱ्याच्या कपाळाला आठी पडली. राणीनं वहाणा काढल्या आणि आत पाऊल टाकलं. पाऊल गादीत रुतावं तसं मातीत रुतलं. ती थांबली. गेनबा हळूच म्हणाला, "राणीसाहेब, जरा कान लावून बघा. हा मान त्यांचा आहे."

राणी गुडघे टेकून बसली. रेशमी लुगड्याला माती लागली. तिनं जमिनीला कान लावला.

चुरुचुरु. चुरुचुरु.

बराच वेळ ती तशीच होती. मग उठली. एक पान खुडलं आणि कपाळाला लावलं. मळ्याच्या तोंडाशी आली, आणि ती तांबडी खुंटी आपल्या हातानं उपटून गेनबाच्या हातात दिली.

मळा गेनबाचा राहिला, गेनबा नि हौसा सुखात राहिले, आणि गांडुळं अजून तिथंच आहेत, एकमेकांना टेकून. तुम्हीही आता तसेच टेका बघू, आणि मिटा डोळे. बोलायचं नाही हं. राणीसुद्धा बोलली नाही. वहाणा हातातच धरून, अनवाणी, काही न बोलता निघून गेली.