पोळे मऊ पडले तेव्हा

एका जंगलात अर्जुनाच्या जुन्या झाडाच्या ढोलीत मधमाश्यांचे एक मोहोळ नांदत असे. मोहोळ कसले, गावच म्हणा ना! पोळ्याच्या घराघरांत त्यांची इवली बाळे होती. बाळांना थंडी बाधू नये म्हणून माश्या पोळ्याला बिलगून बसत आणि अंग थरथरवून त्यांना ऊब देत. ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, आणि थंडीत ती फार गुणाची.

पण त्या वर्षी फाल्गुनातच वैशाखाचे ऊन पडले. ढोली तव्यासारखी तापली, तरी माश्या आपल्या ऊब देतच बसल्या! आता काय म्हणावे यांना? रीत ती रीत! एका दुपारी पोळ्याची कड मऊ पडून खाली झुकली, मध ओघळू लागला आणि बाळे कासावीस झाली. मोहोळात एकच हलकल्लोळ! "हा सूर्यच माजलाय!" एक माशी ओरडली.

"सूर्य तर आहेच, पण आपली ऊब त्यात भर घालतेय," एक धाकटी माशी म्हणाली. "मी आपली बाहेर जाऊन बसते."

सगळ्या खदखदून हसल्या. थोरली माशी म्हणाली, "अगं, एवढ्या हजारांत तुझी ऊब ती केवढी? राईएवढी! तू गेलीस काय, राहिलीस काय!"

"राईएवढी तर राईएवढी, मावशी. तेवढा तरी ताप बाळांना कमी," असे म्हणून ती खरेच बाहेर गेली आणि खडबडीत सालीवर एकटीच बसली.

तिच्या शेजारणीला काही चैन पडेना. 'तिच्याएवढी ऊब तर माझीही आहे की,' असे म्हणत तीही निघाली. मग दोघी निघाल्या, मग पाच, आणि मग काय विचारता! झुंडीच्या झुंडी बाहेर आल्या. ढोलीच्या तोंडाशी माश्यांची ही लांब दाढी लोंबू लागली! काहींनी ओढ्यावरून पाणी आणून पोळ्यावर शिंपडले, काही दाराशी उभ्या राहून पंखांनी वारा घालू लागल्या. त्या दिवशी मधाला कोणी गेलेच नाही. तरीही पोळे आणखी झुकले. आत थोरली माशी अजून बाळांना बिलगून होती. पोळ्याला वरच्या बाजूला चीर गेलेली तिने पाहिली. आयुष्यभराची रीत मोडून ती रडतच बाहेर आली. पोळे हलले, डुगडुगले... आणि थांबले! वाचली, सगळी बाळे वाचली! माश्यांनी असा काही नाच केला की झाडाची पाने हलली!

दमून बसल्यावर थोरलीने धाकटीला विचारले, "पण काय गं, नेमकं कोणाच्या बाहेर येण्यानं पोळं वाचलं?"

"ते कसं कळणार, मावशी?" धाकटी म्हणाली. "म्हणून तर प्रत्येकीनं यायचं!"

तात्पर्य : जवळच्या दुकानात जायला गाडी न काढणारा, रिकाम्या खोलीतला पंखा बंद करणारा माणूस पृथ्वीचा ताप राईएवढाच कमी करतो; पण पृथ्वी वाचेल ती अशा राईराईनेच, म्हणून दुसऱ्याची वाट न पाहता आपला वाटा आधी उचलावा.