ओटीपी सांगू नका, दगडोबा

करवंदीच्या जाळ्यांनी भरलेलं एक जंगल होतं. तिथे सिंह राज्य करत असे, म्हणजे झोपत असे. एका सकाळी तो जागा झाला आणि त्याने फर्मान काढलं, "आजपासून आपलं जंगल ऑनलाइन! कोठारातला चारा ज्याला हवा असेल, त्याने तो मोबाईलवरून मागावा." टाळ्या पडल्या. खुरवाल्यांनीही जमतील तशा वाजवल्या. घरोघर मोबाईल वाटले गेले. ते वापरायचे कसे, एवढंच सांगायचं राहून गेलं.

ते काम नदीकाठच्या ठमाबाई टिटवीच्या गळ्यात पडलं. तिची चोच बारीक, बटणावर नेमकी बसायची. रोज तिच्या खडकापाशी रांग लागे. सशाने फोन उलटा धरलेला असे, अस्वलाने पडद्यावर मध सांडून वरून चाटलेला असे. ठमाबाई ओरडे आणि सगळ्यांचे फोन सुरू करून देई.

एका दुपारी दगडोबा गवा आला. एवढं थोरलं जनावर, पण डोळे भरलेले.

"ताई, माझा चारा गेला हो. सबंध उन्हाळ्याचा."

"असा कसा गेला?"

"राजवाड्यातून फोन आला. म्हणे केवायसी नाही केलं तर कुरण बंद. मग म्हणे, ओटीपी आलाय तो वाचा. वाचला."

"अहो, पण कशाला वाचलात?"

दगडोबा खाली बघत म्हणाला, "तो मला गवासाहेब म्हणाला हो. उभ्या जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं."

ठमाबाईला हसू आलं, पण तिने ते गिळलं आणि ती त्याला घेऊन कोतवालीत गेली. तिथलं माकड शेंगा सोलत म्हणालं, "तक्रार ऑनलाइन करा. ओटीपी येईल, तो मला सांगा."

मग ती स्वतःच उडाली. दोन दिवस फिरली, तेव्हा सरकारी कोठाराच्या मागे झिपरोजी तरस सापडला. पुढ्यात वीस मोबाईल, पाठीशी चाऱ्याची गंजी. तरस काही चारा खात नाही. तो गव्यांचा चारा गव्यांनाच विकत होता. ठमाबाईने असा कल्ला केला की सगळं जंगल धावून आलं. झिपरोजी पळाला. दगडोबाला अर्धा चारा परत मिळाला. उरलेला पंचनाम्यात संपला.

पुढे उन्हाळाभर ठमाबाई झाडाझाडावर बसून एकच सांगत राहिली, "ओटीपी मागेल तो चोर! राजा मागो, नाहीतर राजाचा बाप मागो!" हरणं शिकली, डुकरं शिकली, अस्वलसुद्धा शिकलं. फोन यायचे, पण कुणी आकडा सांगेना. झिपरोजीच्या बरगड्या दिसू लागल्या.

शेवटी तो सिंहाच्या पायाशी गेला. सिंहाने त्याला निरखून पाहिलं.

"किती जणांची नावं पाठ आहेत तुला?"

"सगळ्यांची, महाराज. कोण कशाला भुलतो, तेही."

"अरे मग वेड्या, इतके दिवस खालच्या जागेवर काय करत होतास?"

पुढच्याच निवडणुकीत झिपरोजीला तिकीट मिळालं. सभेत तो म्हणाला, "बंधुभगिनींनो, तुमच्या प्रत्येकाशी जातीने बोललेला मी एकमेव उमेदवार आहे! मला निवडून द्या, जंगलातली फसवणूक मुळापासून उपटतो!" ठमाबाई घसा फुटेस्तोवर ओरडली, "अहो, हा तोच आहे!" लोक म्हणाले, "टिटवीच ती, ओरडायचीच."

तरस प्रचंड मतांनी निवडून आला आणि कोठारमंत्री झाला. कोठाराच्या किल्ल्या सिंहाने समारंभपूर्वक त्याच्या गळ्यात घातल्या.

संध्याकाळी शिंगांना गुलाल लावून दगडोबा खडकापाशी आला. छाती नुसती फुगलेली.

"ताई, तुमचं शिकवणं वाया नाही गेलं बघा. झिपरोजी दारात आला, पाया पडला, गोड गोड बोलला. पण मी पक्का! एक आकडा सांगितला नाही. नुसतं मत दिलं."