माजी सोबती

ऐका बाळांनो, आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या! फार फार वर्षांपूर्वी डोंगरात एक गाव होतं. तिथली माणसं कड्यावरच्या पोळ्यांतला मध काढून पोट भरायची. एकानं दोराला लटकून खाली उतरायचं, दुसऱ्यानं वर दोर धरायचा. दोर धरणाऱ्याला म्हणायचे सोबती.

धावजी उतरायचा, गेनू दोर धरायचा. केस पिकेपर्यंत असंच चाललं. एकदा चारचौघांत धावजी हसत म्हणाला, "गेनूचे हात आता थरथरतात बरं का!" झालं! गेनूच्या ते जिव्हारी लागलं. दोघांचं बोलणंच बंद झालं.

त्या गावाची एक रीत होती. जोडी मोडली की पंच सोबत्याच्या आधी एक छोटासा शब्द लावायचे, 'माजी'. माजी सोबत्यानं त्या दोराला पुन्हा शिवायचं नाही. शिवला, तर गाव सोडायचं.

धावजीला नवा सोबती मिळाला, अंगानं चांगला दांडगा. तरी धावजी उतरला की गेनू जवळच्या करवंदीच्या जाळीआड येऊन बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "सावलीला आलोय." कसली सावली अन् कसलं काय! घरी त्याचा जीव राहायचा नाही.

एके दिवशी माश्या उठल्या. नवा सोबती तोंड झाकून पळत सुटला. दोर सरसर घसरू लागला. गेनूनं झेप घेतली. माश्या डसत होत्या, हात थरथरत होते, तळवे सोलून निघाले. पण धावजी वर येईपर्यंत त्यानं दोर सोडला नाही.

पंच जमले. म्हणाले, "गेनू, रीत मोडलीस. गाव सोड."

"मग मीही चाललो," धावजी म्हणाला.

तेवढ्यात गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठी टेकत पुढे आली. "अरे शहाण्यांनो, हा शब्द आला कुठून, ठाऊक आहे का? हात थकले की माणूस दोर खाली ठेवायचा. त्याला मानानं 'माजी सोबती' म्हणायचे. यानं कुणाचा तरी जीव सांभाळलाय, हे गावानं विसरू नये म्हणून! तुम्ही त्या मानाच्या शब्दाचीच शिक्षा करून टाकलीत."

पंचांनी माना खाली घालून शिक्षा मागे घेतली. धावजीनं गेनूचे सोललेले तळवे हातात घेतले. "चुकलो रे," म्हणाला आणि ढसाढसा रडला. मग त्याच दिवशीचा मध त्यानं त्या तळव्यांना हळूहळू लावला.

तर मंडळी, मोडलेल्या नात्याला काय हवं ते नाव द्या. पण एकेकाळी त्यानंच आपल्याला सावरलं होतं, हे विसरू नका.